सार्वजनिक विद्यापीठ, संलग्न महाविद्यालय आणि निषेधाचा हक्क : प्रस्तावना

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा कायदा १ मार्च २०१७ पासून अमलात आला आणि ‘सार्वजनिक विद्यापीठ’ ही संज्ञा राज्याच्या कायद्याच्या नावातच आली. राज्य विधिमंडळाच्या कायद्याने अस्तित्वात आलेली, राज्यपाल ज्यांचे कुलपती असतात आणि ज्यांच्या खर्चाचा मोठा भार जनतेच्या करातून उचलला जातो, अशी मुंबई, पुणे, नागपूर, अमरावती, कोल्हापूर, नांदेड, जळगाव, सोलापूर इत्यादी ठिकाणची विद्यापीठे या कायद्याखाली येतात. विद्यापीठ सार्वजनिक असण्याचा परिणाम शुल्कापुरता किंवा नेमणुकांपुरता राहत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १२ मधील ‘राज्य’ या शब्दाच्या व्याख्येत सरकार आणि विधिमंडळ यांच्याबरोबर ‘इतर प्राधिकरणे’ही मोडतात, आणि कायद्याने जन्मलेले विद्यापीठ हे असे प्राधिकरण असल्यामुळे मूलभूत हक्कांची जी बंधने सरकारवर आहेत तीच त्याच्यावरही आहेत. कुलगुरूंनी काढलेले परिपत्रक असो, कुलसचिवांनी नाकारलेली सभेची परवानगी असो किंवा शिस्तपालन समितीने केलेली कारवाई असो, यांतील प्रत्येक कृती अनुच्छेद १९ च्या कसोटीवर उतरावी लागते.

अनुच्छेद १९ नागरिकाला जे स्वातंत्र्य देतो त्यातील तीन भाग या विषयाशी थेट निगडित आहेत: भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य, शस्त्रांविना शांततेने एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य आणि संघटना स्थापन करण्याचे स्वातंत्र्य. यांपैकी कोणतेही अनिर्बंध नाही. मात्र निर्बंध ‘वाजवी’ असला पाहिजे, तो कायद्याने घातलेला असला पाहिजे आणि त्याचे कारण घटनेने मोजून दिलेल्या कारणांपैकी असले पाहिजे. देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, अब्रुनुकसानी, न्यायालयाचा अवमान, गुन्ह्याला चिथावणी अशी ती कारणे आहेत. प्रशासनाची गैरसोय, वरिष्ठांची नाराजी किंवा एखाद्या पक्षाच्या कार्यकर्त्यांचा संताप यांचा त्या यादीत समावेश नाही, ही बाब विद्यापीठांच्या कचेऱ्यांत फार सहजपणे विसरली जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या श्रेया सिंघल प्रकरणात चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी अशा तीन पायऱ्या वेगळ्या केल्या आणि केवळ तिसऱ्या पायरीवर, म्हणजे बोलणे चिथावणीच्या टोकाला पोहोचल्यावर, राज्याला हस्तक्षेप करता येतो असे स्पष्ट केले. कितीही अप्रिय मताची चर्चा आणि त्याचा पुरस्कार हे दोन्ही संरक्षित आहेत.

इथवरचा कायदा सरळ आहे. अडचण सुरू होते ती ‘विद्यापीठाचे आवार म्हणजे कोणती जागा’ हा प्रश्न विचारल्यावर, आणि तो प्रश्न मुंबईच्या कलिन्यातून किंवा पुण्याच्या गणेशखिंडीतून विचारण्यापेक्षा रायगड जिल्ह्याच्या आतल्या भागातून विचारला तर त्याचे खरे स्वरूप लक्षात येते. खालापूर तालुक्यातील लोधिवली हे गाव जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावर, चौकच्या शेजारी आणि पाताळगंगेच्या औद्योगिक पट्ट्यालगत वसलेले आहे. तेथील बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी पुढे शिकायचे ठरवते तेव्हा एसटीने, टमटमने किंवा खोपोली–कर्जतच्या लोकलने खोपोली, कर्जत, रसायनी अथवा पनवेल येथील महाविद्यालयात जाते. पदवीच्या प्रमाणपत्रावर नाव मुंबई विद्यापीठाचे असते, परीक्षा त्याचीच असते, अभ्यासक्रमही त्याचाच असतो; परंतु १८५७ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे फोर्टमधील मनोऱ्याचे आवार किंवा कलिन्याचे विद्यानगरी संकुल अशा विद्यार्थ्याने पदवी हाती येईपर्यंत पाहिलेलेही नसण्याचा संभव मोठा आहे. त्याच्यासाठी विद्यापीठ म्हणजे संलग्न महाविद्यालय, म्हणजेच एखाद्या शिक्षणसंस्थेने चालवलेले आणि विद्यापीठाने अध्यापनाची मान्यता दिलेले महाविद्यालय. मुंबई विद्यापीठाशी अशी आठशेहून अधिक महाविद्यालये जोडलेली आहेत आणि ती मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेली आहेत.

विद्यापीठीय अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुतांशी मुख्य आवारांविषयी असते. दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट, मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था ही नावे वृत्तपत्रांतून वाचकांच्या परिचयाची झाली आहेत. तेथील लढे महत्त्वाचे आहेत आणि या ग्रंथात त्यांची दखल घेतलेली आहे. तथापि ग्रंथाचे मुख्य प्रतिपादन वेगळ्या दिशेने जाते. हक्काला उभे राहण्यासाठी एक जागा लागते आणि बोलण्यासाठी एक निवडून आलेले मंडळ लागते; महाराष्ट्रात गेल्या तीन दशकांत विद्यार्थ्याचा बोलण्याचा हक्क उघड बंदीने जितका आकसला त्याहून कितीतरी अधिक या दोन गोष्टी हळूहळू काढून घेतल्याने आकसला, आणि त्याची सर्वांत मोठी किंमत खोपोली–कर्जतसारख्या ठिकाणच्या संलग्न महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी मोजली, असे ते प्रतिपादन आहे.

संलग्न महाविद्यालय हा कच्चा दुवा आहे हे ओळखणारे पहिले सरकार ब्रिटिशांचे होते. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली, तिच्यात पुढाकार घेतल्याबद्दल फर्ग्युसन महाविद्यालयाचे तरुण विद्यार्थी विनायक दामोदर सावरकर यांना दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृहातून काढून टाकण्यात आले. ही शिक्षा सरकारने केली नव्हती. ती प्राचार्य रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी केली होती, आणि परांजपे हे केंब्रिजचे पहिले भारतीय सीनियर रँग्लर, विचाराने उदारमतवादी आणि व्यक्तिगत आचरणात अत्यंत स्वच्छ गृहस्थ होते. टिळकांनी ‘केसरी’तून या शिक्षेवर कठोर टीका केली. या प्रसंगाची आठवण बहुधा सावरकरांच्या चरित्राचा एक भाग म्हणून काढली जाते. विद्यापीठीय इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्यातील मुख्य गोष्ट अशी की, डेक्कन एज्युकेशन सोसायटीसारख्या देशी आणि स्वाभिमानी संस्थेचे महाविद्यालयही मुंबई विद्यापीठाच्या संलग्नतेने आणि सरकारी अनुदानाने बांधलेले होते, आणि आवाराबाहेर केलेल्या राजकीय कृतीबद्दल विद्यार्थ्याला आवाराच्या आत शिक्षा करण्याची रीत तेथून पडली. बंगालमध्ये त्याच वर्षी निघालेल्या कार्लाइल परिपत्रकाने आणि १९०७ च्या रिस्ले परिपत्रकाने ही रीत धोरण म्हणून देशभर लागू केली: विद्यार्थ्यांना राजकीय सभांपासून दूर ठेवण्याची जबाबदारी संस्थांवर टाकायची आणि अनुदान व संलग्नता जाण्याचा धाक मागे उभा करायचा. सरकारला प्रत्येक विद्यार्थ्यामागे शिपाई लावावा लागला नाही. ते काम संस्थाचालकांच्या भीतीने केले.

स्वातंत्र्यानंतर घटना बदलली, राज्यकर्ते बदलले, पण अनुदान आणि संलग्नता यांची ही रचना फारशी बदलली नाही. १९४२ च्या लढ्यात कर्जत–माथेरानच्या डोंगरांत आझाद दस्ता उभारणारे आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हौतात्म्य पत्करणारे भाई कोतवाल या भागातील शाळा–महाविद्यालयांत दर वर्षी आदराने स्मरले जातात, आणि ते योग्यच आहे. त्याच महाविद्यालयांच्या भिंतीवर विद्यार्थ्यांना स्वतःचे एक भित्तीपत्रक लावायचे असेल तर त्यांना कोणाची परवानगी लागते, ती किती दिवसांत मिळते आणि नाकारली तर कारण लेखी मिळते का, हे प्रश्नही तितक्याच गांभीर्याने विचारले जायला हवेत.

सार्वजनिक विद्यापीठाच्या नावावरून, जागेवरून आणि अर्थावरून महाराष्ट्रात झालेला सर्वांत मोठा संघर्ष म्हणजे मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा. १९५८ मध्ये औरंगाबादेत स्थापन झालेल्या या विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे, असा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी संमत केला. बाबासाहेबांनीच १९५० मध्ये त्या शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केले होते आणि मराठवाड्यातील दलित विद्यार्थ्यांच्या पहिल्या पिढ्या तेथूनच बाहेर पडल्या होत्या. त्यामुळे मागणीला तर्क होता, इतिहास होता आणि कायदेमंडळाची संमतीही होती. ठरावानंतर मराठवाड्याच्या गावागावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, माणसे मारली गेली, आणि ठराव अमलात आला नाही. नोव्हेंबर १९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादेकडे लाँग मार्च निघाला. सत्याग्रह, अटका, मोर्चे, धरणी असा हा लढा साडेपंधरा वर्षे चालला आणि १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचे नाव ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असे झाले. मूळ नाव कायम ठेवून त्याला बाबासाहेबांचे नाव जोडले गेल्याने या निर्णयाला नामांतराऐवजी ‘नामविस्तार’ म्हटले जाते.

या लढ्याकडे केवळ जातीय संघर्षाचा इतिहास म्हणून पाहिल्यास प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातील फार मोठा धडा हातातून निसटतो. नामांतराला विरोध करणाऱ्यांत गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे हैदराबाद मुक्तिसंग्रामातील मान्यवर होते, आणि प्रादेशिक अस्मितेच्या भूमिकेतून विरोध करण्याचा, सभा घेण्याचा, पत्रके वाटण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. वस्त्या पेटवणाऱ्यांना मात्र असा कोणताही हक्क नव्हता, आणि त्यांच्या कृत्यांना ‘जनभावनेचा उद्रेक’ म्हणणे ही त्या काळातील अनेक प्रतिष्ठितांची गंभीर चूक होती. राज्याने नेमका उलटा क्रम लावला: हिंसेला आवर घालून मतभेदाला मोकळीक देण्याऐवजी, हिंसेच्या भीतीने विधिमंडळाचा शांततापूर्ण निर्णयच बाजूला ठेवला. ज्यांनी बोलण्याचा मार्ग धरला त्यांना वाट पाहायला लावायची आणि ज्यांनी दगड उचलला त्यांचे ऐकायचे, हा क्रम पुढे विद्यापीठांच्या आवारांत पुन्हा पुन्हा दिसतो. २०१० मध्ये शिवसेनेच्या विद्यार्थी संघटनेने आक्षेप घेऊन प्रती जाळल्यावर रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरूंनी आपल्या विशेषाधिकारात बी.ए.च्या अभ्यासक्रमातून काढून टाकली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात रामलीलेतील नटांच्या पडद्यामागच्या जगण्यावरील एका नाटकाचा प्रयोग अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेच्या कार्यकर्त्यांनी बंद पाडला. त्यानंतर धार्मिक भावना दुखावल्याच्या कलमाखाली विभागप्रमुख आणि पाच विद्यार्थी यांना अटक झाली, पुढे त्यांना जामीन मिळाला, आणि केंद्राच्या आवारात तोडफोडही झाली. या दोन प्रसंगांतील संघटना वेगळ्या आहेत, राज्यातील सरकारेही वेगळ्या पक्षांची होती. म्हणूनच हा प्रश्न कोणा एका पक्षाचा म्हणून मांडणे अपुरे ठरते.

आक्षेप घेणाऱ्यांचाही हक्क येथे स्वच्छपणे मान्य करायला हवा. नाटक न आवडणाऱ्याला नाट्यगृहाबाहेर फलक धरून उभे राहता येते, प्रेक्षकांना पत्रक वाटता येते, दुसऱ्या दिवशी प्रतिवादाची सभा लावता येते, आणि विद्यापीठाने त्यालाही तितकीच जागा दिली पाहिजे. प्रयोग बंद पाडण्याचा हक्क मात्र त्याला नाही, कारण त्या क्षणी तो बोलत नसतो, दुसऱ्याचे बोलणे थांबवत असतो. विरोधकाच्या गोंगाटाने किंवा धमकीने वक्त्याचे तोंड बंद होते तेव्हा प्रशासनाचे पहिले कर्तव्य वक्त्याला संरक्षण देण्याचे असते. ‘कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होईल’ असे कारण देऊन कार्यक्रमच रद्द करणे प्रशासनाला सोपे वाटते, परंतु त्यामुळे पुढच्या वेळी कोणाचाही कार्यक्रम रद्द करवून घेण्यासाठी धमकी पुरेशी असते, एवढाच संदेश जातो.

जागेच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचे दोन जुने निर्णय एकमेकांशेजारी ठेवून वाचावे लागतात. १९६९ च्या रेल्वे बोर्ड विरुद्ध निरंजन सिंग या प्रकरणात रेल्वेच्या आवारात सभा घेणाऱ्या कर्मचाऱ्याविरुद्धची कारवाई न्यायालयाने वैध ठरवली आणि भाषणस्वातंत्र्य म्हणजे दुसऱ्याच्या, अगदी सरकारच्याही मालकीच्या जागेत सभा घेण्याचा हक्क नव्हे, असे म्हटले. उलट हिम्मतलाल शाह प्रकरणात, मुंबई पोलीस कायद्याखालील नियमांच्या संदर्भात, सार्वजनिक रस्त्यावर सभा घेण्याच्या हक्काचे नियमन करता येते पण तो पूर्णपणे नाकारता येत नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. विद्यापीठाचे आवार यांपैकी कशासारखे मानायचे? रेल्वेच्या कारखान्याचा हेतू गाड्या चालवणे हा असतो आणि तेथे सभा हा व्यत्यय ठरू शकतो. विद्यापीठाचा हेतूच मुळी मतांची घासाघीस घडवणे हा आहे. त्यामुळे वर्गखोली, प्रयोगशाळा, परीक्षेचे दालन आणि ग्रंथालय यांची शांतता कसोशीने राखली पाहिजे, आणि पटांगण, प्रवेशद्वाराजवळची मोकळी जागा, उपाहारगृहाचा परिसर, वसतिगृहाचे सभागृह या जागा रस्त्याप्रमाणे, किंबहुना रस्त्याहून अधिक मोकळ्या असल्या पाहिजेत, अशी या ग्रंथाची भूमिका आहे.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारात हाच वाद १९६४ मध्ये पेटला होता. प्रवेशद्वाराजवळच्या एका अरुंद पट्टीवर विद्यार्थी टेबले मांडून नागरी हक्क चळवळीसाठी पत्रके वाटत आणि वर्गणी गोळा करत. व्यवस्थापनाने त्यावर बंदी घातली आणि डिसेंबरमध्ये प्रशासकीय इमारतीत ठिय्या देणाऱ्या सुमारे आठशे जणांना अटक झाली. त्यानंतर प्राध्यापकांच्या सभेने ८२४ विरुद्ध ११५ मतांनी ठराव केला की विद्यापीठाने बोलण्याच्या काळाचे, स्थळाचे आणि पद्धतीचे नियमन करावे, आशयाचे करू नये. या ठरावात प्राध्यापकांनी घेतलेली बाजू लक्षणीय आहे. आपल्याकडे प्राध्यापक वर्ग सेवाशर्ती, आचारसंहिता आणि मान्यतेच्या भीतीखाली असल्याने विद्यार्थ्यांच्या बाजूने असा ठराव होणे दुर्मीळ झाले आहे.

काळ, स्थळ आणि पद्धत यांच्या नियमनाच्या नावाखाली आशयच कसा गाठला जातो याची उदाहरणे अलीकडच्या नियमावल्यांत मिळतात. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने २०२३ मध्ये शैक्षणिक इमारतींच्या शंभर मीटरच्या आत धरणे धरणाऱ्यास वीस हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली; जेथे बहुतेक मोकळ्या जागा कुठल्या ना कुठल्या इमारतीपासून शंभर मीटरच्या आत असतात तेथे अशा नियमाचा अर्थ सांगावा लागत नाही. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये एका दलित संशोधक विद्यार्थ्याला दोन वर्षांसाठी निलंबित केले. त्याच्यावरील आक्षेपांत दिल्लीच्या एका मोर्चातील सहभाग होता. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये निलंबन कायम ठेवले, तर सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात ते भोगलेल्या कालावधीपुरते कमी करून त्याचा संशोधनाचा मार्ग मोकळा केला. आवाराबाहेरच्या कृतीबद्दल आवाराच्या आत शिक्षा, ही १९०५ ची रीत एकशे वीस वर्षांनीही संपलेली नाही.

आवारापलीकडे पोलिसी अधिकारांची दुसरी चौकट उभी असते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त जमाव आणि मिरवणुका यांवर मनाई आदेश काढू शकतात. ग्रामीण भागात त्याला नुसते ‘जमावबंदी’ म्हटले जाते. असा आदेश राज्य सरकारच्या संमतीशिवाय पंधरा दिवसांपलीकडे चालू शकत नाही, कारण कायदा करणाऱ्यांच्या मनात तो अपवाद होता. प्रत्यक्षात सण, निवडणूक, जयंती, परीक्षा अशा कारणांनी एक आदेश संपताच दुसरा निघत राहतो. शुल्कवाढीविरुद्ध तहसील कार्यालयावर जाऊ पाहणाऱ्या पंचवीस विद्यार्थ्यांना पोलीस ठाण्यात या आदेशाची प्रत दाखवली जाते तेव्हा ते मागे फिरतात, आणि हक्क नाकारल्याची कोठेही नोंद होत नाही. जुलै २०१८ मध्ये वसतिगृहातील भोजनाऐवजी खात्यात रोख रक्कम देण्याच्या शासकीय निर्णयाविरुद्ध आदिवासी विद्यार्थ्यांनी पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला आणि पोलिसांनी तो वाटेत अडवला. कर्जत–खालापूरच्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांतील मुले ज्या वसतिगृहांच्या आधाराने शिकतात, त्यांच्या ताटाचा तो प्रश्न होता. विद्यार्थ्यांची निदर्शने म्हणजे पक्षांचे राजकारण, असा जो समज पसरवला जातो त्याला अशी उदाहरणे पुरेसे उत्तर देतात.

निवडून आलेल्या मंडळाचा प्रश्न जागेच्या प्रश्नाइतकाच कळीचा आहे. महाविद्यालयात एकेकाळी वर्गप्रतिनिधी आणि जीएस थेट निवडून येत. जीएस म्हणजे विद्यार्थी मंडळाचा सचिव, ज्याला प्राचार्यांच्या दालनात जाऊन मुलांच्या वतीने बोलण्याचा अधिकार असे. साठ–सत्तरच्या दशकांत युवक क्रांती दलासारख्या संघटनांचे आणि विविध पक्षांचे अनेक कार्यकर्ते या वातावरणात घडले. निवडणुकांत पैसा आणि गुंडगिरी शिरली हेही खरे आहे. १९८९ मध्ये मुंबईत निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला, त्यानंतर थेट निवडणुकांविरुद्ध जनमत गेले आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने गुणवत्तेच्या आधारे प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. ज्या पालकांनी त्या वेळी हा बदल स्वीकारला त्यांची भीती खरी होती आणि तिला कमी लेखणे अन्यायाचे होईल. परंतु परीक्षेत सर्वाधिक गुण मिळवणारा विद्यार्थी आपोआप इतरांचा प्रतिनिधी होत नाही. त्याला कोणी निवडलेले नसते, म्हणून त्याला कोणाला उत्तरही द्यावे लागत नाही, आणि ज्यांनी नेमले त्यांच्याविरुद्ध बोलण्याचे बळ त्याच्याजवळ नसते.

लिंगडोह समितीने २००६ मध्ये वेगळा मार्ग सुचवला होता: निवडणुका घ्याव्यात, उमेदवाराच्या खर्चाला पाच हजार रुपयांची मर्यादा असावी, छापील भित्तीपत्रकांना मनाई असावी आणि बाहेरच्या पक्षांचा पैसा येऊ देऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी या शिफारशी लागू करण्याचा आदेश दिला. २०१६ च्या अधिनियमाने महाराष्ट्रात थेट निवडून आलेल्या विद्यार्थी परिषदेची तरतूद परत आणली. मात्र २०१९ मध्ये वेळापत्रक जाहीर होऊनही निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या. कायद्याच्या पुस्तकात परिषद आहे आणि महाविद्यालयात ती नाही, ही स्थिती बंदीपेक्षा अधिक हानिकारक आहे, कारण बंदीविरुद्ध न्यायालयात जाता येते, पुढे ढकललेल्या तारखेविरुद्ध जाणे फार कठीण असते. तरीही ते अशक्य नाही. मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेची, म्हणजे सिनेटची, पदवीधर गटाची निवडणूक ऐनवेळी स्थगित झाली तेव्हा उच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला आणि २४ सप्टेंबर २०२४ रोजी मतदान झाले.

मंडळ नसल्याची किंमत २०१७ च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात ठळकपणे दिसली. मुंबई विद्यापीठाने त्या वर्षी उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत पुरेशा तयारीविना लागू केली, निकाल महिनोन्महिने रखडले, राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली आणि अखेर ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले. निकालाअभावी पदव्युत्तर प्रवेश आणि नोकऱ्या हुकलेल्यांत कलिन्याच्या आसपास राहणारे विद्यार्थी होते, तसेच खोपोली, कर्जत, माणगाव, दापोली, सावंतवाडीचेही होते. पहिल्या गटाला विद्यापीठाच्या दारात निदर्शने करता आली. दुसऱ्या गटाला तेथवर जायला एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे मोडावे लागत होते, आणि त्यांच्या महाविद्यालयात त्यांच्या वतीने अधिकृतपणे पत्र लिहील असा निवडून आलेला जीएस नव्हता. विद्यापीठाच्या दृष्टीने त्यांचा संताप घडलाच नाही.

मग संलग्न महाविद्यालयाच्या व्यवस्थापनावर मूलभूत हक्कांचे बंधन कितपत आहे? कर्जत–खालापूरमधील बहुतेक महाविद्यालये शिक्षणसंस्थांनी, म्हणजे विश्वस्त मंडळांनी चालवलेली आहेत; ती कायद्याने जन्मलेली प्राधिकरणे नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या अंडी मुक्ता सद्गुरू प्रकरणात, अनुदान घेणारे आणि विद्यापीठाशी संलग्न असलेले महाविद्यालय सार्वजनिक कर्तव्य बजावत असल्याने त्याच्याविरुद्ध उच्च न्यायालयाकडून आदेश मिळवता येतो, असे ठरवले. तो वाद अध्यापकांच्या थकीत रकमेचा होता. विद्यार्थ्याच्या भाषणस्वातंत्र्याला तो किती लागू पडतो याचा निःसंदिग्ध निर्णय त्यात नाही, आणि विनाअनुदानित महाविद्यालयांची संख्या वाढत गेल्यावर हा प्रश्न अधिकच टोकदार झाला आहे.

मे २०२५ मध्ये या प्रश्नाची धार साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. पुण्यातील एका खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीने भारत–पाकिस्तान संघर्षाच्या काळात समाजमाध्यमावर दुसऱ्याचा एक मजकूर पुढे पाठवला, थोड्याच वेळात तो काढून टाकला आणि माफीही मागितली. महाविद्यालयाने तिची बाजू न ऐकता तिला काढून टाकले, पोलिसांनी अटक केली, आणि परीक्षा सुरू असताना ती कोठडीत होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या सुट्टीकालीन खंडपीठाने २७ मे रोजी कडक शब्दांत नापसंती व्यक्त करून तिची तातडीने सुटका करण्याचा आदेश दिला, महाविद्यालयाच्या कारवाईला स्थगिती दिली आणि तिला परीक्षेला बसण्याची मुभा दिली. तिच्या मजकुराशी सहमत होण्याची येथे कोणालाही गरज नाही. ज्या वयात मत चुकू शकते आणि सुधारू शकते त्या वयात, एकदाही ऐकून न घेता, शिक्षणाचे दार बंद करण्याची घाई एका शिक्षणसंस्थेला झाली, हे या प्रकरणातील सर्वाधिक चिंताजनक अंग आहे.

तिला न्याय मिळाला तो तिच्यासाठी वकील उभा राहिला, प्रकरण वृत्तपत्रांत आले आणि उच्च न्यायालयापर्यंत काही दिवसांत पोहोचता आले म्हणून. लोधिवलीहून खोपोलीला जाणाऱ्या, वडील पाताळगंगेच्या एखाद्या कारखान्यात कंत्राटी कामगार असलेल्या विद्यार्थिनीवर अशी वेळ आली तर तिच्या हाती प्रथम काय असेल? प्राचार्यांचे पत्र, दाखला घेऊन जाण्याची तोंडी सूचना आणि घरच्यांचा ‘माफी मागून मोकळी हो’ हा काळजीपोटी दिलेला सल्ला. पुढील प्रकरणांत अशा विद्यार्थिनीच्या बाजूने कायदा वाचलेला आहे. आगाऊ परवानगीऐवजी चोवीस तासांची लेखी सूचना पुरेशी मानणारा नियम, नकार द्यायचा तर त्याच दिवशी लेखी कारण, शिक्षेपूर्वी सुनावणी, सुनावणीत विद्यार्थ्यासोबत एक प्रतिनिधी, आणि प्रत्येक संलग्न महाविद्यालयात निदर्शनांसाठी राखलेली एक ठरलेली मोकळी जागा, या मागण्या तेथे तपशिलाने तपासल्या आहेत. त्यांतील बहुतेक मागण्यांसाठी घटनेत किंवा कायद्यात बदल करावा लागणार नाही. विद्यापीठाने संलग्नतेच्या अटींत त्या घातल्या तर पुरेल, आणि संलग्नतेच्या अटी दर काही वर्षांनी विद्यापीठाच्या मंडळांसमोर नूतनीकरणासाठी येतच असतात.